वाचकांचे प्रश्न : साहित्यिकाचे चरित्र लिहिताना आणि वाचताना

साहित्यिकांच्या चरित्रांविषयी प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात म्हटले होते. पत्रे दोन तऱ्हेची आली. काही चरित्रे वाचणाऱ्यांची, तर बरीचशी घरातल्या किंवा गावातल्या कवीचे चरित्र लिहायला बसलेल्यांची. नाशिक आणि आसपासच्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

रिचर्ड एलमन यांचे जेम्स जॉइसचे चरित्र म्हणजे विसाव्या शतकातले सर्वश्रेष्ठ साहित्यिक चरित्र, असे वर्गात शिकवतात. याच एलमन यांच्या ऑस्कर वाइल्डच्या चरित्रातील चुकांवर एक स्वतंत्र पुस्तक निघाले आहे, असेही वाचनात आले. दोन्ही खरे कसे?
*एम.ए.ची विद्यार्थिनी, गंगापूर रोड*

दोन्ही खरे आहे. एलमन यांचा जन्म १९१८चा, अमेरिकेतल्या मिशिगनमधला. शिक्षण येल विद्यापीठात. दुसऱ्या महायुद्धात नोकरीनिमित्त लंडनला होते, तेथून डब्लिनला जाऊन त्यांनी कवी येट्सच्या पत्नीची भेट घेतली आणि तिने घरातले कागद त्यांच्यापुढे मोकळे केले. त्यातून १९४८ साली येट्सवरचे पुस्तक आले. जॉइसचे चरित्र १९५९चे. त्याला पुढच्याच वर्षी अमेरिकेचे नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. १९७० ते १९८४ ते ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. १९८२ साली, जॉइसच्या जन्मशताब्दीला, चरित्राची सुधारित आवृत्ती निघाली.

या पुस्तकाचे बळ कशात आहे ते तारखांवरून कळते. जॉइस वारला १९४१ साली. एलमन कामाला लागले तेव्हा डब्लिन, त्रिएस्त, झुरिक, पॅरिस या चारही शहरांत त्याला ओळखणारी माणसे हयात होती. धाकटा भाऊ स्टॅनिस्लॉस १९५५ साली गेला, त्याचे कागद एलमन यांच्या हाती आले. दहा वर्षे उशीर झाला असता तर निम्मे साक्षीदार गेले असते. दहा वर्षे आधी ते बोलले नसते. चरित्रकाराला अशी वेळ एकदाच सापडते, आणि एलमन यांनी ती साधली.

आता आक्षेप. सगळ्यांत धारदार आक्षेप समीक्षक ह्यू केनर यांचा होता आणि तो १९८२च्या आवृत्तीच्या वेळी आला. एक, जॉइसच्या कथा-कादंबऱ्यांतले प्रसंग एलमन बिनदिक्कत त्याच्या आयुष्यातले प्रसंग म्हणून वापरतात, आणि मग त्याच आयुष्याने कादंबरी समजावून सांगतात. पुरावा गोल फिरून जागच्या जागी येतो. दोन, डब्लिनची माणसे गोष्टीवेल्हाळ. एकाच माणसाच्या तोंडून आलेला चटकदार किस्सा पुस्तकात घटना होऊन बसतो. त्यात स्टॅनिस्लॉस भावावर रुसलेला, त्यामुळे त्याच्या डायरीचा रंग अख्ख्या पुस्तकावर चढला आहे. हे आक्षेप रास्त आहेत. तरीही आज जॉइसवर लिहिणारा प्रत्येक जण एलमन उघडूनच बसतो. दुरुस्त्या करायच्या त्याही त्याच पुस्तकात, कारण दुरुस्त करण्याजोगे दुसरे इतके भरीव काही नाही.

वाइल्डच्या चरित्राची कहाणी वेगळी. एलमन यांना मज्जातंतूंचा असाध्य आजार जडला होता. मे १९८७ मध्ये ते वारले आणि पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात आले. १९८९ साली त्याला पुलित्झर मिळाले. पण शेवटचा हात फिरवायला लेखक नव्हता, आणि ते दिसते. जर्मन अभ्यासक होर्स्ट श्रोडर यांनी तपशील तपासून दुरुस्त्यांचे पुस्तकच काढले. सर्वांत गाजलेली चूक छायाचित्राची. स्वतःच्याच नाटकातल्या सलोमे या नायिकेच्या वेशातला वाइल्ड म्हणून जे चित्र छापले होते, ते निघाले एका ऑपेरा गायिकेचे, ॲलिस गुशालेविच यांचे. मजकूर इतका रंजक की चित्र कोणी उलटून पाहिले नाही. वाइल्डच्या शेवटच्या दुखण्याचे मूळ एलमन यांनी गुप्तरोगात पाहिले. पुढच्या वैद्यकीय अभ्यासकांनी कानाच्या जुन्या दुखण्याकडे बोट दाखवले.

एलमन वाचताना निवेदनावर विश्वास ठेवावा आणि तळटीप तपासावी. एखाद्या प्रसंगाच्या तळटिपेत फक्त कादंबरीचे नाव असेल, तर तो प्रसंग आपल्या निबंधात घटना म्हणून घेऊ नका.

माझे आजोबा कवी होते. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९०९. जन्मपत्रिकेत 'शके १८३०, माघ वद्य ९, उत्तररात्री ५० घटी'. आत्या सांगतात, 'शिमग्याच्या सुमारास.' चरित्रात कोणती छापू?
*पंचवटी*

पत्रिकेची. दाखल्यावरची १ जून बहुधा शाळेतल्या गुरुजींची आहे. शाळेत घालायचे वय भरले पाहिजे आणि सत्र जूनमध्ये सुरू व्हायचे, म्हणून त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच येतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तारीख एवढेच सिद्ध करते, की मूल त्या वर्षी शाळेत आले.

शकाचे गणित करताना सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून ते सविस्तर देतो. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी वर्ष जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पौष दोन्हींकडे लोंबतो, तेथे तिथी पाहूनच ठरवावे. आपल्या आजोबांचा माघ आहे, म्हणून १८३० अधिक ७९, म्हणजे १९०९. कोणी सरसकट ७८ मिळवले की माणूस एक वर्षाने मोठा होतो. छापील चरित्रांत ही चूक ठिकठिकाणी आढळते.

त्या वर्षी माघ अमावास्या २० फेब्रुवारीला होती. वद्य नवमी म्हणजे १३ किंवा १४ फेब्रुवारी. यांतली कोणती, हे पत्रिकेतला वार सांगेल: शनिवार असेल तर १३, रविवार असेल तर १४. पण थांबा, पुढे '५० घटी' आहे. घटी सूर्योदयापासून मोजतात, एक घटी २४ मिनिटांची. ५० घटी म्हणजे वीस तास. सूर्योदय सकाळी सातच्या आसपास धरला तर जन्म पहाटे तीनच्या सुमाराचा. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. तेव्हा पत्रिकेत रविवार असेल तर इंग्रजी तारीख १५ फेब्रुवारी, सोमवार. 'उत्तररात्री' हा शब्द या हिशोबाशी जुळतो. त्या वर्षीची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्याअखेरीस आली. आत्यांची आठवण तीन आठवड्यांच्या फरकाने बरोबर आहे आणि दाखल्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

जुने पंचांग मिळाले तर पडताळून घ्या. पत्रिका उत्तरेकडच्या ज्योतिषाने केली असेल तर आणखी एक खोच: त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे वद्य पक्षाचे नाव एका महिन्याने पुढे जाते. आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदातली असते.

कागद आणखी हवे असतील तर मूळ गावच्या तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. कोतवालाने ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या त्या नोंदी बहुतेक मोडीत असतात, आणि नावाच्या जागी पुष्कळदा फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचे नाव असते.

आपण पंचवटीत राहता, म्हणजे एक साधन तर दारातच आहे: तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या असतात. 'आमच्या आजोबांचे नाव आहे का' असे विचारून काही हाती लागत नाही. आडनाव, मूळ गाव, तालुका आणि गोत्र सांगा. वह्या गावांप्रमाणे लावलेल्या असतात आणि मूळ गाव चुकले की सगळेच चुकते. नोंदीत आलेल्याचे नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुले, कशासाठी आले ते, आणि मिती असते. शेवटी आलेल्याची सही. ती सही महत्त्वाची, कारण घरात दुसरे हस्ताक्षर उरलेले नसेल तर नमुना म्हणून तीच चालते. त्या दिवशी कोण मुले जन्मलेली होती आणि कोण नव्हती, हेही नामावळीवरून कळते. उपाध्यायांना सकाळी विधींच्या गर्दीत गाठू नका, दुपारनंतर जा. दक्षिणा द्यावी, आणि आपली आजची नोंदही त्यांच्या वहीत करून यावे, तसा रिवाज आहे.

एवढे करूनही दोन तारखा उरल्या तर दोन्ही छापा आणि कारण द्या. केशवसुतांची जन्मतारीख १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशी दोन्ही तऱ्हांनी छापलेली सापडते. त्याने त्यांच्या कवितेचे काही बिघडलेले नाही.

आमच्या गावच्या कवींच्या एका कवितेत 'मी' आईच्या अंत्ययात्रेला पोहोचू शकत नाही. घरचे म्हणतात, ते पोहोचले होते. चरित्रात काय लिहू?
*सिन्नर*

घरचे म्हणतात ते लिहा, आणि कविता कवितेच्या प्रकरणात ठेवा. कवितेतला 'मी' साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करता येत नाही. वर एलमन यांच्यावरचा जो आक्षेप सांगितला तो हाच, आणि आपल्याकडेही तो मोह काही कमी नाही. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. त्यांच्या उदास कवितांच्या ओळी काढून त्या मृत्यूचा अर्थ लावणारे लेखन पुष्कळ झाले. ओळी आधीच्या, अपघात नंतरचा. दोघांना जोडणारा धागा वाचकाच्या मनातला.

मात्र कविता पुरावा म्हणून अगदीच निरुपयोगी नाही. ती कधी लिहिली, हे ठरवता आले तर त्या काळी कवी कोणत्या विषयाशी झुंजत होता एवढे ती सांगते. त्यासाठी संग्रहाचे साल धरू नका. 'विशाखा' १९४२ साली आली, पण तिच्यातल्या कविता आधीच्या काही वर्षांतल्या. पहिल्यांदा कोणत्या मासिकात, कोणत्या अंकात आली ते शोधा. हस्तलिखित असेल तर कागदाची मागची बाजू पाहा. गरीब कवी पाठकोऱ्या कागदावर लिहीत, आणि मागे जाहिरातीची, सभेची किंवा बिलाची तारीख सापडते. संग्रहातला पाठ आणि मासिकातला पाठ समोरासमोर ठेवा. आईच्या कवितेत अंत्ययात्रा पहिल्या पाठात होती की नंतर आली? नंतर आली असेल, तर कवीने ती मुद्दाम आणली आहे. चरित्रात लिहिण्यासारखी गोष्ट तीच.

जुन्या नियतकालिकांसाठी नाशिककरांना पुण्या-मुंबईला धावायची गरज पहिल्याच दिवशी पडू नये. १८४० सालचे सार्वजनिक वाचनालय गावात आहे. जाताना मासिकाचे नाव, वर्ष आणि महिना लिहून न्या. 'त्या काळचे काहीतरी दाखवा' असे म्हटले तर ग्रंथपाल बिचारा काय दाखवणार?

आणि शोधताना नावाकडे लक्ष ठेवा. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांकडे दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. फक्त 'वि. वा.' शोधणाऱ्याच्या हाती लहानपणचा कागद लागणार नाही. नाशिकचे कवी गोविंद म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, हेही यादी करताना विसरले जाते. आपल्या कवीची सगळी नावे, टोपणनावे आणि आद्याक्षरांच्या सगळ्या तऱ्हा पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आमच्याकडे एका नामवंत लेखकाने वडिलांना लिहिलेली चाळीसेक पत्रे आहेत. पत्रे आमची आहेत, तर छापायला अडचण काय?
*इंदिरानगर*

कागद आपला, मजकूर त्यांचा. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे राहतो आणि त्याच्या मागे वारसांकडे जातो. पत्रे विकता येतील, संग्रहालयाला देता येतील, छापता मात्र येणार नाहीत.

१९५७च्या कायद्याप्रमाणे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. मर्ढेकर २० मार्च १९५६ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०१७पासून मुक्त. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ला गेले, तेव्हा त्यांचे लेखन २०५९ संपेपर्यंत बांधलेले. पण हयातीत न छापलेल्या लेखनाला वेगळा नियम आहे. ते लेखकाच्या पश्चात प्रथम जेव्हा छापले जाते, तेव्हापासून साठ वर्षे मोजतात. पत्रे नेमकी यात बसतात. मर्ढेकरांचे एखादे पत्र पहिल्यांदा १९९० साली छापले असेल, तर कविता मुक्त आणि पत्र बांधलेले, अशी गंमत होते.

समीक्षेसाठी किंवा परामर्शासाठी चार-सहा ओळी उद्धृत करायला कायद्याची हरकत नसते. अख्खे पत्र म्हणजे उद्धरण नव्हे. तेव्हा वारसांना लेखी परवानगी मागा. पत्रात कोणती पत्रे, किती शब्द, कोणते पुस्तक, किती प्रती, आणि पुढच्या आवृत्त्या व ई-बुक धरून की वगळून, हे सगळे स्पष्ट लिहा. वारस तीन असतील तर तिघांच्या सह्या घ्या. थोरल्याने तोंडी 'छापा हो' म्हटले आणि पुस्तक छापखान्यात असताना धाकट्याची नोटीस आली, असे वारंवार घडते.

चरित्र पुरे होत आले आहे. कुटुंबीय म्हणतात, आधी आम्हाला दाखवा आणि दारूचे प्रकरण काढा.
*निफाड*

दाखवा, पण कशासाठी दाखवता ते आधी ठरवा. नावे, नाती, तारखा तपासायला दाखवणे शहाणपणाचे. संमतीसाठी दाखवले की पुस्तक त्यांचे झाले. कागदपत्रे घेतानाच साध्या कागदावर लिहून घ्यायला हवे होते: कागद वापरू देतो, तपशिलाच्या चुका सुचवू, निष्कर्ष लेखकाचे. आता उशीर झाला असला तरी लिहून घ्या.

दारूच्या प्रकरणाला एक कसोटी लावा. ती गोष्ट काढली तर लेखनातली एखादी गोष्ट कळेनाशी होते का? दहा वर्षे एकही पुस्तक का आले नाही, नोकरी का सुटली, याचे उत्तर तेथे असेल तर ठेवा, आणि जेवढे लागते तेवढेच ठेवा. नुसताच किस्सा असेल तर जाऊ द्या. कायद्याच्या बाजूने: मृत व्यक्तीची बदनामी घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली तक्रार होऊ शकते. तेथे आपला बचाव म्हणजे कागद. 'असे ऐकिवात आहे' हे वाक्य प्रत्येक ठिकाणी खोडा.

कुटुंब चिडले की काय होते त्याचे टोकाचे उदाहरण पुन्हा जॉइसचेच. मुलीची, ल्युसियाची पत्रे नातवाने, स्टीफन जॉइसने, नष्ट केली आणि १९८८ साली अभ्यासकांच्या सभेत तसे जाहीर केले. त्याआधी १९७५ साली एलमन यांनी जॉइसची बायकोला लिहिलेली अत्यंत खासगी पत्रे छापली होती. ती छापायलाच हवी होती का, यावर आजही दोन मते आहेत. ती छापली तेथे एलमन यांच्यातल्या अभ्यासकाने माणसावर मात केली, असे आमचे मत. पण घरच्यांचे दार त्या पिढीत बंद झाले, ते पुढच्या सगळ्या अभ्यासकांसाठी.

वृद्ध मंडळींच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. त्यांना साल आठवत नाही.
*सातपूर*

साल विचारूच नका. नाशिकच्या माणसाला सिंहस्थ विचारा. १९८०, १९९१, २००३, २०१५ यांपैकी कोणत्या सिंहस्थाच्या आधी की नंतर? गोदावरीचा मोठा पूर कोणता, तेव्हा पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले होते, तेव्हा घर कुठे होते? चीनचे युद्ध, आणीबाणी, घरातले लग्न, थोरल्याची दहावी. अशा दोन खुंट्यांच्या मध्ये आठवण अडकवली की दोन-तीन वर्षांच्या फरकाने साल येते.

पाऊण तासाहून जास्त बसवू नका. ध्वनिमुद्रणाला सुरुवातीलाच परवानगी घ्या आणि ती परवानगीही मुद्रित होऊ द्या. फोन पंख्याखाली ठेवू नका. त्याच दिवशी मजकूर उतरवा. एकाने सांगितलेला किस्सा दुसऱ्याला 'असे झाले होते ना?' म्हणून विचारला की तो हो म्हणतोच. दुसऱ्याला नुसते 'त्या संमेलनाला काय झाले?' एवढेच विचारावे. दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितले तरच दोन साक्षी, एरवी एकच.

बोलणाऱ्याची भाषा सुधारू नका. रेव्हरंड टिळकांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलाने आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यातून लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी प्रमाण मराठीत बोलायला लावली असती तर त्या पुस्तकातले काय उरले असते?

जुने कागद पावसाळ्यात कसे सांभाळायचे?
*देवळाली कॅम्प*

टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, गंज कागद खातो. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, ते नसेल तर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून सुटे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. वर्तमानपत्राची कात्रणे पत्रांना चिकटून ठेवू नका, त्यांचा पिवळेपणा शेजारच्या कागदावर उतरतो. कागदावर नोंद पेन्सिलनेच. स्कॅन मजकुरासाठी ३०० डीपीआय, छायाचित्रे आणि फिकट पेन्सिलसाठी ६००. पाकिटेही स्कॅन करा, कारण पत्रावर तारीख नसली तर पोस्टाचा शिक्का तीच सांगतो.

मराठीत समीक्षक आणि चरित्रकार एकाच व्यक्तीत चांगले जमलेले उदाहरण कोणते?
*महाविद्यालयीन प्राध्यापक, नाशिक रोड*

सरोजिनी वैद्य (१९३३–२००७). मुंबई विद्यापीठात अध्यापन, पुढे राज्य मराठी विकास संस्थेच्या संचालक, आणि समीक्षक म्हणून नाव झालेले असताना त्या चरित्राकडे वळल्या. काशीबाई कानिटकरांवरच्या पुस्तकाची (१९७९) रचना पाहा. काशीबाईंचे अपुरे आत्मचरित्र आहे तसे दिले आणि त्याला जोडून आपण लिहिलेले चरित्र. दोन आवाज एकमेकांत मिसळले नाहीत. काशीबाई स्वतःविषयी काय सांगतात आणि कागद काय सांगतात, यांतले अंतर वाचकाला स्वतः मोजता येते. त्या काशीबाईही चरित्रकारच, डॉ. आनंदीबाई जोशींचे चरित्र त्यांचे. पुढे लंडनमध्ये खाणावळ चालवणाऱ्या राधाबाईंचे चरित्र वैद्यांनी लिहिले. लेखक नसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बाईचे चरित्र एका वाङ्मयसमीक्षकाने लिहावे, याचे त्या काळी काहींना नवल वाटले. वाचकांनी मात्र ते डोक्यावर घेतले.

दुसऱ्या टोकाला विजया राजाध्यक्ष. मर्ढेकरांच्या कवितेवरचा त्यांचा दोन खंडांचा अभ्यास, १९९३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला, चरित्र नाही. पण कवितेचा संदर्भ म्हणून आयुष्य किती घ्यावे आणि कुठे थांबावे, हे शिकायला त्याच्यासारखे पुस्तक नाही. आपल्या विद्यार्थ्यांना ही दोन पुस्तके एका सत्रात शेजारी शेजारी वाचायला लावा.

चरित्राचे परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच. मराठीतली बरीचशी परीक्षणे चरित्रनायकाचे आयुष्य पुन्हा सांगतात आणि शेवटच्या परिच्छेदात 'मुद्रणदोष टाळायला हवे होते' म्हणून थांबतात. त्याऐवजी सूची उघडा. सूचीच नसेल तर तसे स्पष्ट लिहा, कारण सूचीविना चारशे पानांचे चरित्र अभ्यासकाच्या उपयोगाचे नाही. मग कोणतेही एक प्रकरण घ्या आणि त्यातल्या दहा विधानांचे आधार तपासा. नायकाच्या अपयशी पुस्तकाला किती पाने दिली आहेत ते मोजा. भक्ताने लिहिलेले चरित्र तेथे पटकन ओळखू येते.

पुस्तक छापून झाल्यावर दोन तारखा चुकल्याचे कळले. पाचशेपैकी दीडशे प्रती गेल्या आहेत.
*ओझर*

उरलेल्या साडेतीनशे प्रतींत शुद्धिपत्र घाला. सुटी चिठ्ठी गळून पडते, म्हणून मुखपृष्ठाच्या आत कडेला खळीने चिकटवा. चिठ्ठीवर पान, ओळ, 'छापलेले' आणि 'वाचावे' असे चार रकाने पुरेत. ज्या ग्रंथालयांना प्रती गेल्या त्यांना टपालाने पाठवा, ग्रंथपाल चिकटवतात. परीक्षणासाठी ज्यांना प्रत दिली त्यांना आधी कळवा, परीक्षण छापून यायच्या आत. आपल्या टेबलावरच्या एका प्रतीत कोरी पाने बांधून घ्या आणि वाचकांच्या पत्रांतून येणारी प्रत्येक दुरुस्ती तारखेसह तिच्यात उतरवत जा. दुसरी आवृत्ती त्या प्रतीवरून लावायची.